मित्सुएबाईंच्या काळ्या रिमा

मित्सुए होरीगोमे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होत्या. दुपारी मिसोचं सूप वाढताना पहिल्या मुलाच्या वाटीत तोफूचे जितके तुकडे पडत, तितकेच शेवटच्याच्याही. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, पण मोजमाप मला बाईंपेक्षा जास्त कळतं असं कधी वाटलं नाही.

आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे यजमान सुतार होते. जाण्याआधी त्यांनी एका छोट्या मालवाहू व्हॅनमध्ये पलंग, कपाटं, घडीचं टेबल असा सगळा संसार ओकच्या फळ्यांत बसवला. दर हिवाळ्याच्या तोंडावर बाई ती व्हॅन घेऊन उत्तरेच्या टोकाला, वाक्कानाईला, बहिणीकडे जातात. मागच्या खेपेला घाटात पहिल्याच बर्फात व्हॅन घसरली आणि कठड्याला घासली. तेवढं निमित्त मुलाला पुरलं.

हा मुलगा, नोबुहिको, नगर कार्यालयात वाहतूक सुरक्षेचं काम बघतो. म्हाताऱ्यांनी आपणहून लायसन्स परत करावं म्हणून पत्रकं वाटतो. परत करणाऱ्याला बसचा पास मिळतो. आमच्याकडे बस आठवड्यातून तीनदा येते.

"आई, या वर्षी तेवीस जणांनी परत केलं," तो म्हणाला. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. "आणि तू नवी चाकं बसवतेस? लोक हसतात मला."

"हसू देत. दात त्यांचे."

"गाडी घसरली ना?"

"टायरांमुळे घसरली. तुझ्या बाबांनी एवढं लाकूड भरलं आणि खाली ठेवले मऊ, शहरात फिरायचे टायर. वळणावर गाडी नुसती डुलते. दहादा सांगितलं होतं त्यांना."

"गुरुजी, तुम्ही तरी समजवा हिला."

"तुला अपूर्णांक समजावताना माझे केस गेले," मी म्हणालो. "आता यांच्यासाठी काय शिल्लक आहे?"

शेवटी त्यानेच अट घातली. पुढच्या आठवड्यात व्हॅनची सरकारी तपासणी होती. नव्या चाकांवर पहिल्या फटक्यात पास झाली, तर लायसन्सचा विषय बंद. अडली, तर बाईंनी दुसऱ्याच दिवशी ते परत करायचं.

"गुरुजी साक्षीला," बाई म्हणाल्या.

तपासणीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं इवाबुचीच्या गॅरेजात गेलो. हाही माझाच विद्यार्थी, आता टक्कल पडलेला. त्याने व्हॅनला चमचमत्या रिमा आणि रुंद, खडबडीत टायर चढवून ठेवले होते.

"काय काकू? अस्वलसुद्धा बाजूला होऊन वाट देईल!"

बाईंनी व्हॅनभोवती एक फेरी मारली. मग पिशवीतून यजमानांचा पितळी ओळंबा काढला आणि मागच्या चाकाच्या बरोबर वर, मडगार्डच्या कडेला दोरी धरली. ओळंबा सरळ लोंबेना. टायरवर टेकून थांबला.

"अडतोय. टायर मडगार्डच्या बाहेर आलाय," त्या म्हणाल्या.

"चार-पाच मिलिमीटर बाहेर असेल, काकू. दहाच्या आत चालतं आता. नियम सैल झालाय."

"कोणत्या गाडीला?"

"सगळ्या..." इवाबुची थांबला.

"माझी नंबर प्लेट वाच. चारने सुरू होते ना? मालवाहू आहे ही. सूट आहे ती माणसं नेणाऱ्या गाड्यांना. आत पलंग दिसला की तुम्ही सगळे हे विसरता."

इवाबुची कानापर्यंत लाल झाला. नोबुहिको मात्र पुढे सरसावला. "मग झालं तर. आई, आता पुरे."

"तपासणी परवा आहे, आज नाही. इवाबुची, मागच्या शेडमध्ये साध्या लोखंडी रिमा आहेत ना? अरुंद, काळ्या?"

"त्या पार्सलवाल्यांच्या गाड्यांच्या, काकू. दिसायला अगदीच गरीब."

"मला त्यांचं लग्न लावायचं नाहीये. त्या आण, आणि वजन पेलणारे बर्फाचे टायर चढव त्यांच्यावर."

तासाभराने चारही चाकांपाशी ओळंबा मोकळा लोंबला. शेवटच्या चाकाला नोबुहिकोने स्वतः उकिडवं बसून पाहिलं. दोन दिवसांनी व्हॅन पहिल्या फटक्यात पास झाली.

बाई वाक्कानाईला निघाल्या त्या सकाळी तो पुन्हा दारात उभा. "पास गाडी झाली, आई. तू नाही. नव्या चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचे असतात. विसरलीस तर? चाक निघून जातं."

"माझी तपासणी अटीत नव्हती." त्यांनी व्हॅनचं दार लावलं, मग काच खाली केली. "पण हवी असेल, तर दुपारी फोन जवळ ठेव."

साक्षीदार म्हणून मी शेजारी बसलो होतो. घाटातल्या त्याच वळणावर पातळ बर्फ होता. मी दारावरची दांडी घट्ट धरली. व्हॅन डुलली नाही. बाईंनी कठड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शंभर किलोमीटर भरले तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या विसाव्याच्या थांब्यावर होतो. बाईंनी यजमानांची चटई जमिनीवर पसरली आणि पाना काढला. ठरलेला जोर लागला की तो पाना कट्‌ असा वाजतो. बाईंचं वजन बेचाळीस किलो. त्या दोन्ही हातांनी पान्यावर भार टाकत होत्या. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही फोन धरा. पान्याजवळ."

फोन लागला. "नोबु, मोज."

कट्‌. एका चाकाला चार नट. दुसरं चाक, तिसरं. मग चौथं. सोळावा आवाज झाल्यावर बाई कंबर धरून उठल्या. श्वास लागला होता, पण फोन हातात घेतला.

"किती झाले?"

"सोळा," तो म्हणाला. "आई, मागचं डावं एकदा परत बघ. जास्त करून तेच सैल होतं."

"तिथूनच सुरुवात केली," बाई म्हणाल्या, आणि चटई झटकून घडी घालू लागल्या.