ठकूबाईचा कडेकोट बंगला

आमच्या घरात स्वतंत्र खोली सगळ्यात आधी ठकूबाईला मिळाली, आणि ठकूबाई ही टॅरँटुला होती. म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी! घरामागं नवीन बिल्डिंग उठत होती. तिच्या पायाच्या खोदकामात ही सापडली, तीही एक पाय तुटलेली. आमची मुक्ता प्राणिशास्त्र शिकते. लोकांच्या पोरी घरी मैत्रिणी आणतात, आमचीनं ही आणली.

"बाबा, कात टाकली की हिला नवा पाय फुटेल. तोवर राहू द्या ना!"

"राहू दे की," मी म्हणालो. (मी दारात उभा होतो. दाराच्या बाहेरच्या बाजूला.)

पण मुक्ताला परीक्षेसाठी पुण्याला जायचं होतं. "तुमच्या भरवशावर सोडून चाललेय," ती म्हणाली. "पेटी बुटकी बघा, उंचावरून पडली तर ती मरेल. आणि झाकण घट्ट हवं. पळाली तर संपलंच." बोलता बोलता पोरीचे डोळे भरले. मग बापाला चेव येणारच!

"अगं, मी वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी तपासायला आहे. माझ्या हाताखालून खोटा नग सुटत नाही, कोळी काय सुटतोय!"

गुलमंडीतल्या दुकानात मी बुटकी काचेची पेटी मागितली. कशासाठी, तेही सांगितलं.

दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साब, लोगां मकडी निकालने कू झाडू ले जाते. तुम उसकू बंगला देरे?"

मी पेटी उलटी केली, गदागदा हलवली, झाकणावर दोन्ही कोपरं टेकवून जोर दिला.

"मकडीच हैना साब? के पैलवान है?"

घरी आणून मी पेटीला दोन कड्या बसवल्या आणि वर प्रवासी बॅगेचं कुलूप ठोकलं. "आपल्या पुढच्या दाराची कडी वर्षभर लटकतेय," बायको म्हणाली, "तिच्याकडं बघा जरा." मी दुर्लक्ष केलं. मुक्तानं आत माती भरली, एक करवंटी पालथी घातली. ठकूबाई करवंटीखाली गेली ती पुन्हा दिसेचना. किल्ली हरवू नये म्हणून मी ती कुलपालाच लावून ठेवली. (हसू नका. त्या वेळी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.)

मुक्ता गेली आणि फुलंब्रीहून माझी आत्या आली. तिकडं विहिरी आटल्या होत्या. इकडंही नळाला पाणी कधीतरीच यायचं, पण यायचं तरी! म्हातारी घाबरेल म्हणून ठकूबाईबद्दल आम्ही तिला काही बोललो नाही.

मुक्ता परत यायच्या दिवशीच नळ आला. आता दुष्काळात नळ येणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. पातेली, कुकर, डबे, वाट्यासुद्धा भरायच्या! मी ड्यूटीवरून आलो तर ओट्यावर पेटी. काठोकाठ भरलेली. नितळ पाणी.

"आत्या! यातली माती?"

"कुंडीत वतली. लई झाक माती व्हती रं."

"आणि ठकूबाई?"

"आता ही कोन? पाव्हनी आलीया व्हय?"

मी पेटीतल्या पाण्यात वाकून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. मुक्ता!

"बाबा, बस वाळूजला आली. ठकूबाई बरी आहे ना? दिसली का?"

"आज नाही दिसली बुवा," मी म्हणालो. एक अक्षर खोटं नव्हतं!

फोन ठेवला आणि आत्याला सगळं सांगून टाकलं. कोळ्याची भीती होतीच, पण पोरीला तोंड कसं दाखवायचं? एवढासा लंगडा जीव, माझ्यावर टाकून गेली होती ती. शोधाशोध सुरू झाली. बायकोनं कुंडी उकरली, आत्यानं गाद्या उलटल्या, मी खुर्चीवर चढून सूचना देऊ लागलो.

"अहो, खाली उतरून शोधा की!"

"वरून नजर लांब जाते."

"तुमची नजर गेली लांब, कोळी पण गेला लांब!"

शरमेनं उतरलो. म्हटलं, माठाखालचं ओलं पोतं तरी बघू. पोतं उचललं, आणि पोत्यासोबत सात पाय उचलले गेले!

पुढचं मला नीट आठवत नाही. मी बाथरूममध्ये होतो, आतून कडी ठोकलेली, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. बाहेर बायको म्हणत होती, "थांब गं बाई, घाबरू नकोस." (हे मला नव्हतं.) मग भगुनं पालथं घातल्याचा आवाज आला.

"सापडली! धडधाकट आहे! या बाहेर!"

मी कडी ओढली. हलेना. खांदा लावला, हिसके दिले. ढिम्म!

तेवढ्यात मुक्ताचा आवाज. सगळी हकीकत ऐकून तिनं भगुनं उचलून पाहिलं असावं, कारण ती रडत रडत हसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. पोरगी खूश होती, बास!

मग तिला आठवण झाली. "बाबा कुठंयत?"

मी आतून दार वाजवलं. "मुक्ते, सुताराला बोलाव!"

"बोलावू सावकाश," आत्या म्हणाली. "आधी त्या कोळ्याचं बघ पोरी, ते पळंल. तुझा बाप कुठं पळत नाय. त्यानं सोतासाठी लई पक्की पेटी निवडलीया!"