वरची जोडी विकायची नाही

जाहिरात मी इंग्रजीत लिहिली होती आणि ती चांगली लिहिली होती. तोंडाने मला परक्या माणसाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, पण लिहायला बसले की येतं. शाळेत इंग्रजीच्या मिस माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या आणि मी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधत राहायचे. जाहिरातीत तीन परिच्छेद होते. पहिल्यात लाकडी पायऱ्यांची लांबी-रुंदी आणि त्या सुट्या कशा होतात ते. दुसऱ्यात बाहुल्या: कुठल्या जुन्या, कुठल्यांचं नाक उडालंय, कुठल्यांना आईने घरीच रंग दिलाय. तिसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य होतं. सगळ्यात वरच्या पायरीवरची लाकडी जोडी विकायची नाही.

ते वाक्य कोणीही वाचलं नाही. पहिले दोन परिच्छेद वाचल्याचाही पुरावा नाही.

आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळूरात आहे. घरात मराठी बोलतो, पण नवरात्रात शेजारच्या कन्नड घरांसारख्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो. खाली वाणी, पोलीस, क्रिकेटचा संघ, मधे देव, आणि सगळ्यात वर रक्तचंदनाची राजा-राणीची जोडी, पट्टद गोंबे. ही जोडी आई लेकीला लग्नात देते. एकदा दिली की आईचा तिच्यावरचा हक्क संपतो. माझी आजी दसऱ्याला आमच्याकडे यायची, तेव्हा स्वतःच दिलेल्या त्या जोडीला हात लावण्याआधी आईला विचारायची, "घेऊ का गं?" आईनंतर ती माझी होणार होती, लग्न झाल्यावर. आई दर नवरात्रात त्यांना जरीच्या तुकड्यांचे नवे कपडे शिवताना माझ्याकडे एकदा बघायची आणि मी मोबाइलकडे बघायचे.

घरमालकाला आमचं भाड्याचं घर पाडून इमारत उभी करायची होती. आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत, माझ्या ऑफिसजवळ फ्लॅट घेतला होता. त्याच्या हॉलमध्ये सोफा ठेवला की दार पूर्ण उघडत नाही. पायऱ्या तिथे मावणं शक्य नव्हतं. आईने दोन दिवसांनी ते मान्य केलं आणि म्हणाली, "पायऱ्या जाऊ देत. बाहुल्या पण जाऊ देत, कोणीतरी मांडेल तरी. पण पट्टद गोंबे जायचे नाहीत. ते तुझे आहेत."

मग फोटो काढायची वेळ आली. मी म्हटलं, जोडी कपाटात ठेवते आणि फोटो काढते.

"रिकामी वरची पायरी दाखवणार? लोकांना?"

"आई, विकायला काढलंय सगळं."

"म्हणून काय झालं? आधी ते बसतात, मग बाकीचे. त्यांच्याशिवाय कधी मांडलंय का आपण? अहो, तुम्ही तरी सांगा हिला."

अप्पा पेपरमधून म्हणाले, "सरी." कन्नडमधलं 'बरोबर'; त्यांचं हे सरी दोन्ही बाजूंना लागू पडतं. शेवटी जोडी वर बसली, जरीच्या कपड्यांसकट, आणि फोटोत तीच सगळ्यात आधी दिसत होती.

त्यानंतर माणसं यायला लागली. माणसं म्हणजे मोबाइलवर चमकणारे गोल फोटो: कोणी बाइकवर, कोणी धबधब्यासमोर, एकाच्या जागी नुसता सिंह. "आहे का?" असं ते विचारायचे. आहे, असं मी लिहायचे. त्यानंतर ते कायमचे गप्प व्हायचे. एखादी वस्तू जगात आहे एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असावं. दुसरी जात "लास्ट प्राइस" वाल्यांची. यांना पहिली किंमत माहीत नसते, ती फोटोखालीच लिहिलेली असते, पण शेवटची आधी हवी असते. एकाने मला अर्ध्याहून कमी किमतीला मागितलं आणि मी नाही म्हटल्यावर लिहिलं, "मॅडम, मातीच्या बाहुल्याच तर आहेत." मग कशाला हव्यात रे तुला? असं मी लिहिलं नाही. मी लिहिलं, "धन्यवाद." माझा राग नेहमी असाच सभ्य दिसतो.

एक जण सैन्यात होता. निदान तो तसं म्हणाला. बदली झाल्यामुळे स्वतः येऊ शकत नव्हता, पण बाहुल्या बघितल्याबरोबर त्याला इतक्या आवडल्या की भाव न करता पैसे पाठवायला तयार झाला. मी फक्त त्याने पाठवलेला कोड स्कॅन करायचा होता. देशाच्या सीमेवर उभं राहून कोणी नवरात्राच्या बाहुल्या शोधत असेल यावर मी विश्वास ठेवेन, असं त्याला वाटलं, याचाच मला जास्त अपमान वाटला.

आणि या सगळ्यांना, बोलणं जरा पुढे गेलं की, वरची जोडी हवी असायची. "फक्त वरचं कपल किती?" एका कॅफेवाल्याला ती काउंटरवर ठेवायची होती. एका बाईला ती पुस्तकांच्या कप्प्याच्या टोकांना लावायची होती, राजा एका बाजूला आणि राणी दुसऱ्या. मी प्रत्येकाला तेच उत्तर पाठवायचे, कृपया वर्णन वाचा. एकाने विचारलं, "वर्णन कुठे असतं?"

आई संध्याकाळी विचारायची, "कोणी चांगलं माणूस भेटलं का?" मी म्हणायचे, अजून नाही.

मग ती आली. तिचा पहिलाच मेसेज मराठीत होता. माझं आडनाव बघून तिने लिहिलं होतं, "अय्या, आपण मराठी ना!" ती मूळची पुण्याची, एचएसआर लेआउटला राहायची आणि देवनहळ्ळीला त्यांनी सुट्टीसाठी बंगला बांधला होता. तिथे तिला एक "ट्रॅडिशनल कॉर्नर" करायचा होता. पायऱ्या, बाहुल्या, सगळं घेणार होती. किंमतही तिने फार ताणली नाही. जोडीबद्दल काही बोललीच नाही. त्यामुळे तिने वर्णन वाचलं असावं असा माझा समज झाला. शुक्रवारी येते म्हणाली.

शुक्रवार वाचून मी जरा दचकले. आमच्या घरातल्या लग्न झालेल्या बायकांना एक नियम आहे. शुक्रवारी सवाष्ण आली की तिला हळद-कुंकू, पान-सुपारी, नारळ, ब्लाऊजपीस द्यायचं, आणि तिने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. या नियमापायी आमची छत्री, इडलीपात्र आणि मिक्सरचं चटणीचं भांडं समोरच्या अक्कांकडे कायमचं राहायला गेलं आहे. अक्का मागायला यायच्या त्या शुक्रवारीच.

ती नवऱ्याबरोबर आली. नवऱ्याच्या कानात इअरफोन होते आणि तो आमच्या अंगणात उभा राहून कोणाला तरी डेडलाइनबद्दल रागवत होता. तो शेवटपर्यंत आत आला नाही. ती मात्र आली ती थेट पायऱ्यांपुढे. मोबाइल काढून तिने आधी स्वतःचा फोटो घेतला, मग बाहुल्यांचा.

"काकू, किती गोड आहे हो सगळं! आणि तुमची मराठी पण किती गोड. जरा वेगळीच आहे ना? मला आधी कळेचना."

"आमची इथलीच," आई म्हणाली. "कॉफी घेता का स्वल्प?"

"स्वल्प! बघा ना, कित्ती क्यूट."

मी कॉफी आणली. आईने तिला कुंकू लावलं, ताट दिलं. तिने ते दोन्ही हातांनी, अगदी पद्धतशीर घेतलं, नारळ पदराला लावल्यासारखा करून कुर्त्याला लावला. तिला सगळं माहीत होतं. मग ती बाहुल्यांवर बोट फिरवत म्हणाली, "हा पोलीस जरा तडकलाय. या वाण्याचा रंग गेलाय. पण चालेल, रस्टिक दिसतं." बोट शेवटी वर गेलं. "आणि हे दोघं मी मांडीवर घेऊन बसेन गाडीत. टेम्पोत नको."

"ते नाहीत," आई म्हणाली. "ते द्यायचे नाहीत."

"म्हणजे? फोटोत होते ना!" तिने मोबाइल पुढे केला. तिच्याकडे फोटोचा स्क्रीनशॉट होता. खालचं लिखाण त्यातून नीट कापून टाकलेलं होतं.

मी माझ्या मोबाइलवर तिसरा परिच्छेद उघडून तिच्यासमोर धरला. तिने डोळे बारीक केले.

"अगं, हे कोण वाचतं? फोटो बघूनच माणूस येतो ना? एवढं आम्ही ट्रॅफिकमधून आलो. मेन पीसच तो आहे. त्याच्याशिवाय बाकी सगळं म्हणजे..." तिने हात हवेत झटकला. आमच्या घरातली चाळीसेक नवरात्रं त्या झटक्यात गेली. मग ती आईकडे वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"काकू, ऐका ना. आईने लेकीलाच द्यायचे असतात ना हे? वाचलंय मी. मग मी तुमच्या लेकीसारखीच नाही का?"

लेक तिच्यापासून हातभर अंतरावर कॉफीचे कप घेऊन उभी होती.

"आणि आज शुक्रवार आहे," ती हसत म्हणाली. "सवाष्णीला नाही म्हणतात का कोणी?"

तेव्हा मला तिचा खरा तिरस्कार वाटला. बाकीच्यांना काही माहीत नव्हतं; ते मूर्ख होते, एवढंच. हिला आमचा नियम माहीत होता. आणि तिने तो दाराला लावलेल्या पहारीसारखा वापरला.

आईचा चेहरा उतरला. इडलीपात्राच्या वेळी उतरला होता तसा नाही. तेव्हा ती रात्री हसली तरी होती. ती जोडीकडे बघत होती. तिला नाही म्हणता येत नव्हतं हे मला दिसत होतं, आणि समोरचीलाही दिसत होतं. ती थांबली होती, आरामात, नारळ मांडीवर घेऊन. मला बोलायचं होतं. इंग्रजीत माझ्या डोक्यात एक संपूर्ण वाक्य तयार होतं, अर्धविरामासकट. ते तिथेच राहिलं.

आई उठली. तिने वरच्या पायरीवरून राजा-राणीला दोन्ही हातांनी उचललं. बाईने हात पुढे केले. आई तिच्याजवळून गेली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"कप ठेव खाली."

मी ठेवले. तिने करंडा घेतला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच, नाकावर सांडलं. मग माझी ओढणी पसरून तिच्यात जोडी ठेवली, वर मूठभर तांदूळ टाकले.

"दिली," आई म्हणाली. "आता माझी नाही. मी काय देणार तुम्हाला? हिला विचारा."

"अहो काकू, असं काय..." ती क्षणभर गडबडली, पण लगेच सावरली. "बरं, तू तरी समजून घे गं. तू तर शिकलेली आहेस. वेगळे पैसे घे हवं तर. सवाष्णीला..."

"तो नियम हिला नाही लागत," आई म्हणाली. "हिचं लग्न झालेलं नाही."

गेली काही वर्षं हे वाक्य आई नातेवाइकांपुढे खाली बघून म्हणत आली आहे. त्या दिवशी ती ते ताठ मानेने म्हणाली, माझं एखादं बक्षीस सांगावं तसं. कोपऱ्यातून अप्पांचा पेपर खाली आला.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "द्यायचे नाहीत."

"सरी," अप्पा म्हणाले. ते पहिल्यांदाच एका बाजूचं होतं.

ती उठली. मग सौदाच कॅन्सल, म्हणाली. अशा वागण्यामुळेच लोकांचा ऑनलाइनवरचा विश्वास उडतो, असंही म्हणाली. कॉफी तिने पूर्ण संपवली होती. नारळ आणि ब्लाऊजपीस पर्समध्ये नीट घातलं आणि गेली. गाडी गल्लीतून वळायच्या आत तिने माझ्या नावापुढे एक तारा दिला होता: विक्रेती उद्धट, वस्तू फोटोप्रमाणे नाही. अंगणात तिचा नवरा अजून डेडलाइनबद्दलच बोलत असल्याचं मला खिडकीतून दिसलं होतं, त्यामुळे हे लिहायला तिला गाडीत भरपूर शांतता मिळाली असणार.

दुसऱ्या दिवशी मी नवा फोटो काढला. आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जोडी माझी होती, कुठे ठेवायची ते मी ठरवणार होते. ती माझ्या कपाटात, स्वेटरांमध्ये होती. फोटोत वरची पायरी रिकामी होती. तासाभरात पहिला मेसेज आला: "वर काय होतं? ते पण द्याल का?"

पायऱ्या आणि बाहुल्या शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी नेल्या. त्यांनी लिहिलं होतं, मी सगळं वाचलं आहे, जोडी नको आहे. मी ते दोनदा वाचलं, आणि माणसांबद्दलचं माझं मत जरा बदलू लागलं होतं, तोच खाली त्यांचाच पुढचा मेसेज आला. लास्ट प्राइस?

नव्या फ्लॅटमधलं पहिलं नवरात्र जवळ आलं तेव्हा आईने टीव्हीच्या कपाटावरचं सगळं काढलं आणि फडक्याने पुसलं. मग ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात जरीचे दोन छोटे कपडे होते, शिवून तयार. आत आली नाही.

"घेऊ का गं?" तिने विचारलं. "दसऱ्यापुरते."

मला नाही म्हणता आलं असतं. मी लॅपटॉप बाजूला ठेवून कपाट उघडलं.