दोनशे सतरा नंबरचा खिळा

सकाळी आठाचा भोंगा वाजला की नगरजवळच्या केडगावातले लोक घड्याळं लावायचे, आणि गहिनीनाथ उठून उभा राहायचा. भाकरी खात असला तरी उभा. हातात घास, बोटं कालवणात, आणि हा बाबा उभा! कडूबाई म्हणायची, "बसा की वो. तुमच्यासाटी न्हाई वाजला त्यो." तेही खरंच होतं. तंबूखान्यातून त्याला कमी केल्याला दोन वर्षं होत आली होती. पण हे पायांना कोण सांगणार?

तंबूखाना म्हणजे पुणे रस्त्यावरचा पत्र्याच्या छपरांचा लांबलचक कारखाना. लढाई जोरात होती तेव्हा तिथं पलटणींचे तंबू शिवले जायचे. तीनशे माणूस मशीनवर. गहिनीनाथ मूळचा सोनईचा, शेतकऱ्याचा थोरला लेक. पण औताच्या मागं त्याचं मन कधी लागलंच नाही. गावातल्या शिंप्याच्या ओट्यावर बसून बसून टीप मारायला शिकला, आणि बेचाळीस साली शेती धाकट्या मच्छिंद्रच्या हवाली करून बायकोसकट इकडं आला. काम मात्र काय करायचा! जाड कॅनव्हासचे सहा पदर एकावर एक आले की भल्याभल्यांची सुई मोडायची. ह्याची मोडत नसे. आपल्या टिपेतून पाण्याचा थेंब आत येणार नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगत सुटायचा. मोठेपणा सांगायला दुसऱ्याची वाट बघणारा तो माणूसच नव्हे.

कारखान्याच्या दाराशी एक मोठी फळी होती. फळीवर तीनशे खिळे, खिळ्याखाली नंबर, आणि खिळ्याला त्याच नंबरचा पितळी बिल्ला. सकाळी आत शिरताना बिल्ला काढून छातीला लावायचा, संध्याकाळी पुन्हा खिळ्याला अडकवून घरी जायचं. गहिनीनाथचा नंबर दोनशे सतरा. शेजारच्या मशीनवरचा त्याचा जिवाभावाचा दोस्त रंगनाथ दोनशे अठरा. तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारतच नसे.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात लढाई संपली. लोकांनी पेढे वाटले. गहिनीनाथनंही वाटले, वेड्यासारखे. दसरा झाला आणि तंबूखान्याचं काम थांबलं. पलटणीच घरी निघाल्यावर तंबू कुणाला हवेत?

शेवटच्या संध्याकाळी हजेरीचे कारकून शामकांतराव फळीजवळ उभे होते. "बिल्ले अडकवा आणि निघा. काम आलं की बोलावू," एवढंच ते म्हणाले. रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली. बिल्ला दिला की नाव कटलं. बिल्ला हातात असला तर उद्या हक्कानं म्हणता येईल, हा बघा, मी इथलाच. कोण म्हणालं कुणास ठाऊक, पण गहिनीनाथच्या डोक्यात ते घट्ट बसलं. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझा हिरीत पडला."

शामकांतरावांनी चष्म्यावरून एकदा बघितलं, दंड लावला आणि पुढच्याला हाक मारली. घरी आल्यावर गहिनीनाथनं बंडीच्या आत, कमरेजवळ, तंबूच्या दोऱ्यानं दुहेरी टीप मारून तो बिल्ला ठिगळाखाली शिवून टाकला. कडूबाईला सांगितलं नाही, रंगनाथला सांगितलं नाही. मनात म्हणाला, बाकीचे सगळे भोळे. हा एकटाच शहाणा!

मग सुरू झाली वणवण. नगरच्या कापडबाजारातले शिंपी म्हणाले, कापडच रेशनवर मिळतंय, आम्हीच माश्या मारतोय. साखर कारखान्याच्या दारात गेला तर तिथं पलटणीतून सुटून आलेल्या जवानांची ही रांग. एका जागेला पन्नास माणसं. काम देणाऱ्या सरकारी कचेरीत नाव घालून आला आणि पोस्टमन दिसला की रस्ता ओलांडून त्याच्या आडवा जायला लागला. पोस्टमन बिचारा गल्ली बदलून जाऊ लागला.

कडूबाई नगरला एका भुसार दुकानात धान्य निवडायला जायची, तिच्यावर चूल पेटायची. ह्याला घरात बसवत नसे. होती नव्हती ती पोती त्यानं उसवली आणि पुन्हा शिवली. शेजाऱ्यांच्या छत्र्या शिवल्या. देवाच्या पाटावरचं फडकं शिवलं. एक दिवस दाभण घेऊन कशावर झडप घालू असा बघत होता, तेव्हा कडूबाई म्हणाली, "आता माझं तोंड तेवढं ऱ्हायलंय, ते बी शिवा, म्हंजे झालं."

सेहेचाळीस साल उजाडलं तसं तंबूखान्यात थोडं थोडं काम येऊ लागलं. कधी मालमोटारींच्या ताडपत्र्या, कधी मंडपाचं कापड. शामकांतराव सोमवारी दाराशी यायचे आणि एकपासून सुरू करून, आदल्या वेळी थांबले तिथून पुढं, ओळीनं नंबर पुकारायचे. कधी दहा माणसं, कधी पाच, कधी महिना-दीड महिना कुणीच नाही. गहिनीनाथ दर सोमवारी हजर. बंडीवरून बिल्ला चाचपायचा आणि मोजायचा, अजून किती. आपला नंबर यायला वेळ आहे म्हणजे काळजी नाही, असं म्हणायचा आणि मंगळवारपासून पुन्हा तळमळायचा.

सत्तेचाळीसच्या श्रावणात स्वातंत्र्य आलं तेव्हा नंबर दीडशेपर्यंत पोचले होते. मग एकाएकी वेग आला. सरहद्दीपलीकडून घरदार टाकून आलेल्या माणसांच्या छावण्या पडत होत्या, त्यांना तंबू हवे होते. हे कळल्यावर गहिनीनाथला आधी आनंद झाला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कुणाचं घर बुडालं तेव्हा आपली सुई चालणार! पण भूक असली की लाज फार वेळ टिकत नाही.

त्याच सुमाराला मच्छिंद्र सोनईहून आला. दारातच म्हणाला, "दादा, वैनीला किती दिस राबवनार? घरी या. मानूस लागतंय मला." वाईट बोलला नाही, पण 'मानूस लागतंय' हे गहिनीनाथला झोंबलं. थोरल्या भावानं धाकट्याच्या हाताखाली औत धरायचं! तो म्हणाला, "दिवाळीपातुर बघतो. न्हाई जमलं तर येतो." शब्द देऊन बसला.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा सोमवार. गहिनीनाथनं दाढी केली, कडूबाईनं भाकरी बांधून दिली. आज नंबर येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"दोनशे पंधरा! दोनशे सोळा!" शामकांतराव फळीकडं बघत पुकारत होते. गहिनीनाथनं पाऊल उचललंसुद्धा.

"दोनशे अठरा!"

उचललेलं पाऊल तसंच राहिलं. रंगनाथ पुढं गेला, मागं वळून म्हणाला, "साहेब, सतरा ऱ्हायला की!" पण पुकारा पुढं गेला होता, मागची माणसं रेटत होती, आणि दोनशे तीसवर दार बंद झालं. गहिनीनाथनं दारावर मुठी आपटल्या. दरवान म्हणाला, "आता पुढच्या सोमवारी."

पुढच्या सोमवारी काय डोंबल! त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. आपला नंबर गाळला आणि रंगनाथचा आला, म्हणजे रंगनाथनं आतून काहीतरी केलं. संध्याकाळी रंगनाथ धावत घरी आला तर हा भिंतीकडं तोंड करून बसला. "अरं, इचार तरी साहेबाला," रंगनाथ म्हणाला. हा म्हणाला, "तूच इचार, तुझं चालतंय आत." पाच वर्षांची दोस्ती एका वाक्यात मोडली, आणि रंगनाथ मान खाली घालून गेला.

दोन दिवसांनी सोनईला जायची बांधाबांध सुरू झाली. गहिनीनाथ विहिरीवर अंघोळीला गेला तेव्हा ती बंडी कडूबाईच्या हाती लागली. एरवी तो ती धुवायलासुद्धा देत नसे. "दिराच्या दारात ही लक्तरं कशाला," म्हणत तिनं ती गोधडीसाठी फाडायला घेतली. टीप काही उसवेना. चिडून तिनं विळी लावली, तर खणकन बिल्ला जमिनीवर पडला.

ओल्या अंगानं आलेल्या नवऱ्यापुढं तिनं तो धरला. "ह्ये काय?"

त्यानं सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "अवं, माझी आय म्हनायची, ज्या घरी परत जायचं त्या घरी कायतरी ठिवून यावं. आन तुमी? ठिवायचं त्येच उचलून आनलं!"

गहिनीनाथ तसाच धावत सुटला. शामकांतराव दाराशीच होते. बिल्ला बघून ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं.

"अरे दोनशे सतरा, तीनशे माणसांचे चेहरे, कुणाचा बिल्ला विहिरीत पडला, हे सगळं मी कुठं ध्यानात ठेवू? खिळ्याला बिल्ला असला तर नंबर पुकारायचा, नसला तर पुढं. ज्याला दुसरीकडं काम लागतं तो बिल्ला काढून कचेरीत जमा करतो, अशी इथली पद्धत. सोमवारी माझा हात तुझ्या खिळ्यापाशी गेला होता. रिकामा दिसला. म्हटलं, बरं झालं, ह्याचं कुठंतरी लागलं."

"आन आता, साहेब?"

"आता ओळ तीनशेपर्यंत जाईल. मग मागं राहिलेले. लाव तो खिळ्याला."

त्यानं लावला. परत येताना रंगनाथच्या घरावरून गेला, पण आत जायचं धाडस झालं नाही.

सोनईत त्यानं साडेचार महिने काढले. मच्छिंद्र कधी टाकून बोलला नाही. "दादा, आज बांधाकडं जाता का?" असं विचारून काम सांगायचा, आणि त्या विचारण्यानंच गहिनीनाथचा जीव जायचा. तिथं भोंगा नव्हता. तरी सकाळी आठच्या सुमाराला तो ज्वारीत कणीस खुडता खुडता ताठ उभा राहायचा. कडूबाई शेजारच्या ओळीतून बघायची आणि आता काही बोलायची नाही. बंडीही नवी होती. कमरेकडं गेलेल्या हाताला काहीच लागायचं नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी एक सायकल धुळीतून आली. रंगनाथ! घामानं थबथबलेला, केडगावपासून सायकल हाणत आलेला. उतरायच्या आधीच ओरडला, "काल सतरा पुकारला! साहेबाला म्हनलं, मी आनतो त्याला, जागा दिऊ नका कुनाला!"  गहिनीनाथनं रंगनाथचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "मी तुला काय काय म्हनलो रं." रंगनाथ म्हणाला, "ते मागनं बघू. आधी पानी पाज."

तर असा गहिनीनाथ पुन्हा मशीनवर बसला. पहिल्या दिवशी सहा पदरांवर सुई घातली आणि मोडली नाही, हेही त्यानं चारचौघांत सांगितलं. संध्याकाळी बिल्ला खिळ्याला अडकवला, रस्त्याला लागला, नाक्यापर्यंत गेला, आणि मागं वळला.

"काय इसरलं?" दरवानानं विचारलं.

"बिल्ला बघतो. लावलाय न्हवं नीट?"

दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. वर्ष गेलं तरी येतच राहिला. काम मिळालं होतं, जिवाला स्वस्थता मिळाली नव्हती. माणसं हसायची, रंगनाथ मात्र नाक्यावर सायकल धरून थांबायचा.

एकदा दरवान वैतागून म्हणाला, "हाय बाबा, हाय तुझा बिल्ला जाग्यावर! जा घरी!"

गहिनीनाथनं विचारलं, "उद्या बी आसंल न्हवं?"

दरवान फळीपाशी गेला आणि बिल्ला पुन्हा एकदा खिळ्यावर नीट बसवला. त्यालाही पंचेचाळीस साली इथूनच कमी केलेलं होतं.