साठा पुरेसा आहे

संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे सभा व्हायची, त्या काळात मी परळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. राहायला नायगावला, आत्याकडे. आत्या मालवणकडची. गिरणीतल्या माणसांची खाणावळ चालवून तिने मला वाढवलं, शिकवलं. दुपारची जेवणं उरकली की ती सभेला जायची आणि घसा बसवून घरी यायची.

उन्हाळा सरता सरता तो ताप आला. वर्तमानपत्रं त्याला इन्फ्लुएन्झा म्हणायची. आमच्याकडे येणारी माणसं ‘बोटीचा ताप’ म्हणायची, कारण तो बोटीनं आला असं सगळीकडे बोललं जात होतं. एकाला आला की खोलीतली सगळी आडवी व्हायची. गिरण्यांत साचे बंद पडायला लागले, कारण चालवायला माणूसच नव्हतं. आत्याच्या खाणावळीतले निम्मे पाट रिकामे राहायचे आणि ती डबे भरून चाळीचाळीतून पेज पोचवायची.

दवाखान्यात तेव्हा औषध न्यायला बाटली घरून आणावी लागे. कोणाची तेलाची, कोणाची सरबताची, कोणाची बूच हरवलेली, चिंधीचा बोळा लावलेली. आम्ही तापाचं मिक्श्चर भरायचो आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचो, म्हणजे किती डोस घ्यायचा ते वाचता न येणाऱ्यालाही कळायचं. पहिल्या आठवड्यात मिक्श्चर पुरलं. मग मोठ्या बरणीचा तळ दिसायला लागला. तापाच्या गोळ्या आधीच संपल्या होत्या. पेनिसिलिनचं कपाट तर मी झाडून पुसून ठेवलं होतं.

आमचे डॉक्टर पन्नाशीचे, गिरगावातून येणारे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी वर मागणी पाठवली. पुन्हा पाठवली. उत्तर आलं की पुरवठा लवकरच होईल, तोवर आहे त्या औषधात पाणी घालून भागवावं. डॉक्टरांनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “रंगीत पाणी द्यायचं नाही. नसेल तर नाही म्हणून सांगायचं.”

सांगायचं मला होतं. खिडकीवर मी असायची.

त्याच संध्याकाळी रेडिओवर आरोग्यखात्याच्या मंत्र्यांचं भाषण झालं. इराण्याच्या हॉटेलात रेडिओ होता, तिथे फुटपाथवर माणसं उभी राहून ऐकत होती. मीही थांबले. जनतेनं घाबरून जाऊ नये, असं साहेब म्हणाले. सरकारजवळ औषधांचा साठा पुरेसा आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. आवाज चांगला होता, समजावून सांगणारा. माझ्या शेजारच्या माणसानं “चला, मिटलं” म्हणून सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी रांग कोपऱ्यावर पोचली होती. सगळ्यांच्या हातात बाटल्या. रेडिओनं सांगितलंय म्हटल्यावर माणसं येणारच. मी एकेकाला सांगत होते की औषध संपलंय, आराम करा, उकळलेलं पाणी प्या, कपाळावर पट्ट्या ठेवा. एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, धोतर, सुनेसाठी औषध न्यायला आलेले. त्यांनी अगदी हळू विचारलं, “बाई, मंत्री खोटं कशाला बोलेल? तुम्ही जरा आत बघा तरी.”

मी आत गेले. रिकाम्या बरणीसमोर थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, औषध आहे पण मी देत नाहीये. मला मंत्र्यांचा खरा राग आला तो त्या क्षणी. औषध नव्हतं, हे माणसं सोसत होती. पण आता मी खोटी ठरले होते.

घरी आत्यानं तेच विचारलं. “गो, रेडिओवर सांगतत एक, आणि तुमी सांगतास एक. खरा काय?”

“खरं मी सांगते ते.”

“मग त्यांका कोणी सांगूक नाय?”

आमच्या समोरच्या चाळीत एक बाई राहत होती. गिरणीच्या वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. आदल्याच वर्षी त्यांच्या चाळीतल्या घरांनी बुद्धधम्म घेतला होता. देव्हारे उतरले होते आणि भिंतींना नवा चुना लागला होता. ताईचा नवरा कार्डिंग खात्यात, कापसाच्या धुळीत काम करून छाती आधीच अधू झालेला. त्याला ताप आला, उतरला, आणि मग न्यूमोनिया झाला. डॉक्टर घरी जाऊन तपासून आले. पेनिसिलिन लागणार होतं. इस्पितळात खाटा भरून जमिनीवरही गाद्या पडल्या होत्या, तिथूनही त्यांना परत पाठवलं होतं. चिठ्ठी घेऊन ताई लालबागपासून गिरगावपर्यंत केमिस्टांची दुकानं फिरली. सगळीकडे एकच उत्तर. संध्याकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली, चपला काढून पाय चोळत.

“नर्सबाई, हे मंत्री कुठे भेटतात?” तिनं विचारलं.

भेटायला लांब जावं लागलं नाही. दोन-तीन दिवसांनी परळच्या एका शाळेत ताप-केंद्राचं उद्घाटन ठरलं. म्हणजे शाळेचे वर्ग रिकामे करून त्यात खाटा टाकल्या होत्या, वर पताका लावल्या होत्या. डॉक्टरांना आणि मला हजर राहायचा हुकूम होता. चळवळीतली पोरं काळे झेंडे घेऊन रस्त्यापलीकडे जमली होती. त्यांच्यातल्या एकानं ताईला आणि तिच्यासोबत आलेल्या बायकांना सांगितलं, “ताई, आमच्याबरोबर उभ्या राहा. घोषणा द्या, आवाज मोठा होईल.”

ताई म्हणाली, “मुंबई आपलीच आहे रे बाबा. पण आज मला औषध पाहिजे.” आणि ती बायकांना घेऊन सरळ फाटकातून आत गेली. त्यांच्या हातात बाटल्या होत्या. पोलिसांना वाटलं, दवाखान्यातल्याच बायका आहेत. कोणी अडवलं नाही.

साहेबांनी फीत कापली. मग बोलायला उभे राहिले. जवळून ते रेडिओतल्यापेक्षा थकलेले वाटले. त्यांनी जनतेच्या संयमाचं कौतुक केलं आणि म्हणाले, “अशा वेळी थोडा धीर धरायला हवा.”

ताई दुसऱ्या रांगेत होती. तिथूनच, आवाज न चढवता म्हणाली, “धीर धरलाय साहेब. आता औषध द्या.”

आणि तिनं बाटली वर धरली. मागच्या बायकांनीही धरल्या. कोणी ओरडलं नाही. पताकांखाली त्या काचा चमकत होत्या आणि सगळ्या सभेत फक्त रस्त्यापलीकडच्या घोषणा ऐकू येत होत्या.

साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी पुढे वाकून काहीतरी बोलला. साहेब म्हणाले, “साठा आहे. मला तसं कळवलेलं आहे.” ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. या माणसाला खरंच तसं वाटत होतं.

“मग आमच्या दवाखान्यात का नाही?” ताईनं विचारलं.

“पाठवतो,” साहेब म्हणाले. हार घातले गेले, फोटो निघाले, मोटारी गेल्या.

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी छत्री उचलली. “चला, तुम्हीपण चला. दोघं असलो की हाकलायला जड जातं.”

आम्ही रे रोडला गेलो. लाकडाच्या वखारींच्या मागे सरकारी औषधांचं गोदाम होतं. गोदामाचा कारकून सभ्य होता. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी विचारलं, “पेनिसिलिन आहे का?”

“आहे ना,” तो म्हणाला. “सगळं आहे. बघा.”

त्यानं दार ढकललं. आत छतापर्यंत खोकी होती. न फोडलेली, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली. बाहेर देण्याच्या हुकमावर मोठ्या साहेबांची सही व्हायची होती आणि मोठे साहेब मंत्र्यांच्या दौऱ्यात होते. मी ती खोकी बघत राहिले. साठा पुरेसा होता. रेडिओ खोटं बोलला नव्हता.

डॉक्टर परत बाकावर बसले. “मी बसतो इथे,” ते म्हणाले. “सही होईपर्यंत.”

“साहेब, आज होणार नाही.”

“मग उद्यापर्यंत बसतो.”

ते बसले. पेपर वाचला, दुपारी मी आणलेली केळी खाल्ली. कारकून येता-जाता त्यांच्याकडे बघायचा. शेवटी तो जवळ आला. “तुमच्या सहीवर देऊ? तुमच्या जबाबदारीवर?” डॉक्टर म्हणाले, “द्या.” एक खोकं निघालं. हमालानं शोधून आणलेला हातगाडीवाला परळपर्यंत डॉक्टरांशी गावाकडच्या गप्पा मारत आला.

ताईच्या नवऱ्याला संध्याकाळी पहिलं इंजेक्शन मी दिलं. दुसऱ्या दिवशी ताप हलला नाही. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पुढचं इंजेक्शन भरायला घेतलं. त्यानंतरच्या सकाळी त्याला घाम आला आणि त्यानं खायला मागितलं. हे ऐकून आत्या स्वतः पेजेचं पातेलं घेऊन निघाली. इतक्या वर्षांत ती समोरच्या चाळीत कधी गेली नव्हती. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ताईनं चटई टाकली. आत्या बसली, त्यांच्या पेल्यातलं पाणी प्याली, भाजी चाखली आणि मीठ जास्त पडलंय म्हणून ताईला दोन शब्द सुनावूनही आली.

टोपीवाल्या म्हाताऱ्यांची मी वाट बघत होते. त्यांची सून आली, बरी होऊन. सासरे गेले म्हणाली. सुनेचा ताप त्यांनी घेतला आणि त्यांना तो झेपला नाही. तिला औषध हवं होतं ते खोकल्याचं, दिलं.

सरकारी ट्रक आला तो ताप ओसरल्यावर. खोकी ठेवायला जागा नव्हती म्हणून आम्ही काही व्हरांड्यात रचली. त्याच सुमाराला डॉक्टरांना खुलासा मागणारा कागद आला आणि पाठोपाठ बदलीचा. बदली ठाण्याच्या पलीकडे, जिथे तेव्हा जायला अर्धा दिवस मोडत असे. मी चिडले. तुम्ही काहीतरी लिहा, भांडा, म्हणाले. ते स्टेथोस्कोप पिशवीत ठेवत म्हणाले, “अहो, तिथेही माणसं आजारी पडतातच.” मला ते उत्तर तेव्हा अजिबात आवडलं नाही. अजूनही पुरतं आवडत नाही. शांत माणसांच्या शांतपणाचा फायदा नेहमी दुसरेच घेतात, असं मला वाटतं.

ताईचा नवरा वाचला, पण कार्डिंगला परत जाऊ शकला नाही. पुढे एका शाळेत शिपाई झाला. आत्याचं म्हणणं ठाम होतं की हे सगळं आपलं राज्य नाही म्हणून. “आपला राज्य येऊ दे. मग बघ.”

राज्य आलं. नायगावात रोषणाई झाली, आत्या नऊवारी नेसून गॅलरीत उभी राहिली आणि रडली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. सकाळी मी नेहमीसारखी निघाले तेव्हा ती चुलीपाशी होती. मागे न वळता म्हणाली, “दवाखान्यात औषधा आसत मा आता?”

“बघून सांगते,” मी म्हटलं, आणि जिना उतरले.