आठ चमचे रक्त

हॉस्पिटलात तिला सगळे मोजणीताई म्हणत. स्कॅनमध्ये शरीराचे पातळ काप दिसतात. प्रत्येक कापावर गाठीची किंवा साचलेल्या रक्ताची कड माउसने आखायची, आतल्या क्षेत्रफळाला कापाच्या जाडीने गुणायचं, मग सगळ्यांची बेरीज. वीस वर्षं तिचं हेच काम. वॉर्डबॉय चिडवायचे, "ताई, मोठ्या साहेबांचा मेंदू मोजा की एकदा!"

"मोजला असता, पण सापडायला तर हवा!"

त्या दुपारी एका बाईला स्ट्रेचरवरून आणलं. कानातून रक्त, एक डोळा सुजून बंद. नवरा म्हणाला, "जिन्यावरून पडली." स्कॅनमध्ये कवटी फुटलेली, आत रक्त साचलेलं. शिवाय गालाचं हाड पूर्वी कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं.

शिकाऊ डॉक्टरने लांबी-रुंदी-उंचीवरून अंदाज बांधला. "सव्वीस मिली. तिसाच्या आत आहे, ऑपरेशन नको."

"डॉक्टर, हा गोळा सरळसोट नाही, खाली शेपूट आहे त्याला. दहा मिनिटं द्या."

डॉक्टर पेशंटकडे धावला. ती आखायला बसली. तेवढ्यात नवरा आत घुसला. पोलिसांना बोलावल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"ते फोटो पुसून टाक."

"आधी बाहेर व्हा."

त्याने केस धरून तिचं कपाळ टेबलावर आपटलं. ती धडपडत दाराशी पोचली, चौकट धरली, तोच त्याने दाराला लाथ घातली. उजव्या हाताची दोन बोटं कडकन मोडली. किंकाळी ऐकून वॉर्डबॉय आणि वॉचमन धावले. खुर्च्या फेकत, चावे घेत, आयाबहिणींचा उद्धार करत तो शेवटी जमिनीवर आडवा झाला.

ती परत स्क्रीनपुढे बसली. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं. चार काप उरले होते. डाव्या हाताने रेघ घसरायची, ती पुसून पुन्हा आखायची. मग तिने फोन उचलला. "एक्केचाळीस मिली. ऑपरेशनला घ्या."

बाई वाचली. आठवड्याने मोजणीताई प्लास्टरचा हात सांभाळत तिला भेटायला गेली.

"किती होतं हो रक्त?" बाईने विचारलं.

"आठ चमचे."

"एवढंसंच?" ती हसायला गेली, टाके ओढले गेले. मग म्हणाली, "गाल फोडला तेव्हाही मी जिनाच सांगितला होता. आता नाही सांगणार. पोलिसांना बोलवा, मला जबाब द्यायचाय."

नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. बाई बहिणीकडे राहायला गेली.