जबडा मी सोडवतो, नाव गुलाबमामांचं

जबडा दुखणारा पेशंट येतो तेव्हा गप्प असतो, बरा झाला की बोलत सुटतो. त्यामुळं माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडं किस्से साठतातच. फक्त त्या किश्शांचा हिरो मी नसतो. हिरो असतात समोरच्या सलूनचे गुलाबमामा!

येरमाळ्याच्या बसस्टँडजवळ माझं क्लिनिक, रस्त्यापलीकडं मामांचं सलून. दाढी झाली की मामा डोकं, कानशिलं चोळून देतात. एवढ्यावर गाव त्यांना माझ्याआधी डॉक्टर मानतं. जळतो मी! कशाला लपवू?

*

एका किराणा दुकानदाराचा जबडा घास चावताना कटकट वाजायचा. दिवसभर फोन खांद्यात दाबून बोलायचे, मान कायम वाकडी. तीन आठवडे मी ग्लोव्ह घालून त्यांच्या तोंडातले आखडलेले स्नायू सैल केले, मान सरळ करायला शिकवलं. आवाज थांबला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मी हात पुढं केला.

"मामांचं दुकान बंद हाय. आले की एवढं देता का त्यास्नी?"

*

मग मी जाहिरात करायची ठरवली. 'मान सरळ, जीभ टाळूला, दातावर दात नको' असं पोस्टर छापलं. वर ठळक माझं नाव, फोन नंबर. मामांनी आनंदानं आरशाशेजारी लावलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर नाव गायब!

"जागेत बसंना, डॉक्टर. वरचं थोडं कातरलं."

*

आमच्या वडिलांचा जबडा आखडला. मी अर्धा तास राबलो. तोंड उघडायला लागलं, तसे म्हणाले, "हात लई जड हाय रं तुझा. गुलाबराव कुठं शिकले, इचार की एकदा."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

शेवटी मामांचं गुपित बघायला मी स्वतः दाढीला बसलो. मामांनी डोकं मागं टेकवलं, हनुवटी सरळ केली आणि बोटानं माझा गाल चाचपला.

"दात किती आवळून धरलेत, डॉक्टर? सैल सोडा. टेन्शन हाय का काही?"

मी आणखी आवळले.

*

आणि परवा, बाजाराच्या दिवशी, मामांनी मोठी जांभई दिली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं! जबडा निखळला होता. मला बोलावणं आलं. मी चप्पल न घालताच धावलो. चार वर्षं याच दिवसाची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू!

मामांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं. माझ्या अंगठ्यांना गॉज गुंडाळला, अंगठे त्यांच्या मागच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून हळूच मागं सरकवला. टक! जबडा जागेवर. सलून भरलेलं, सगळे आ वासून बघत होते. मी हनुवटीखालून पट्टी बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "मामा, दोन तास तोंड उघडायचं नाही. एक शब्दही बोलायचा नाही!"

शेजारच्या खुर्चीत अर्ध्या तोंडाला फेस लावून बसलेले आजोबा खूश झाले.

"लई चांगलं शिकवलंत, मामा, ह्या डॉक्टरला!"

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मीही बघितलं.

मामांनी माझा सल्ला तंतोतंत पाळला. तोंड मिटून नुसती मान डोलावली.