अंगारा आणि गोळ्या

दत्तगुरूंवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण इथे परदेशात, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये खोकताना रुमालावर रक्त दिसलं, त्या दिवशी ती कुठे पळाली कोण जाणे. टीबी! दिवसातून शंभरदा हात धुणाऱ्या माझ्यासारख्या बाईला? सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. आता डॉक्टरांनी माझ्यातच चूक शोधली होती. रोज सकाळी क्लिनिकमध्ये जाऊन नर्ससमोर गोळ्या गिळायच्या, ही इथली पद्धत. सुरुवातीला घरात मी वेगळ्या खोलीत असायचे. दाराबाहेरून लेक विचारायची, "आई, टुडे कॅन हग ऑर नॉट?" मी उशीत तोंड खुपसून रडायचे.

सासूबाईंनी पुण्याहून गाणगापूरचा अंगारा पाठवला. तो मी रोज कपाळाला लावू लागले. दोनेक महिन्यांत खोकला थांबला, अन्न गोड लागू लागलं, लेक पुन्हा कुशीत आली. गोळ्यांनी मात्र जीव नकोसा केला होता. सतत मळमळ, सांधे धरलेले. मनात आलं, महाराजांनी मला बरं केलंय, आता गोळ्या घेणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. नवऱ्याला काही बोलले नाही. तो ओरडला असता.

त्या सकाळी मी क्लिनिकच्या दारावरून तशीच पुढे एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे निघाले. बाहेरच्या बाकावर मास्क लावलेले एक म्हातारे चिनी अंकल बसले होते. तेही रोज उपचारांसाठी यायचे, पण आमची ओळख नुसती मान डोलावण्यापुरती. ते एकदम ओरडले, "यू! क्लिनिक धिस साइड!"

मी हसून वर आकाशाकडे बोट दाखवलं. देवाने बरं केलं, आता नको.

अंकल हसले नाहीत. "फर्स्ट टाइम आय ऑल्सो लाइक दॅट. फील गुड, गो टेंपल, मेडिसिन स्टॉप. नाउ मेडिसिन डोन्ट वर्क. इंजेक्शन टेक, इअर ऑल्सो गॉन." त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. खोकल्याची उबळ ओसरल्यावर हळूच म्हणाले, "गॉड नेव्हर से स्टॉप, लाह. आय से."

मी मागे फिरले आणि नर्ससमोर, तीर्थ घ्यावं तसा, हात पुढे केला.

काही आठवड्यांनी अंकल दिसेनासे झाले. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, "अंकल पास्ड अवे." त्यांच्या बाकावर बसून मी पोटभर रडले.

माझे उपचार पूर्ण झाले. मी बरी झाले. मला अडवायला महाराजांनीच त्यांना तिथे बसवलं, असं मी मानते. मग अंकलनी गोळ्या सोडल्या तेव्हा त्यांना अडवायला कुणीच का नव्हतं? याचं उत्तर मला मिळालेलं नाही. सगळं देवावर सोपवून मोकळं होणं म्हणजे शरणागती, असं मी समजत होते. आता वाटतं, त्याने धाडलेल्या माणसाचं मनाविरुद्ध का होईना ऐकणं, हेही शरण जाणंच.

शेवटची गोळी घेतली त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं. स्वतःसाठी काही मागवेना. एवढंच म्हटलं, "महाराज, मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना सांभाळा."